आईची उंची आणि माझी क्वालिटी

माझी आई एका महिन्यात दीड सेंटिमीटरने कमी झाली, आणि हे मी स्वतः मोजलं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. बावीस वर्षं माल नापास करून करून माझा कशावरच विश्वास उरलेला नाही. (सासऱ्यांनी लग्नात दिलेली अंगठीसुद्धा मी आधी व्हर्नियर लावून बघितली होती!) त्यामुळे डॉक्टरांनी आईला कोलेस्टेरॉलची गोळी दिली आणि भावकीच्या ग्रुपवर 'या गोळीनं म्हाताऱ्यांची हाडं विरघळतात' असा मेसेज आला, तेव्हा मी संशय घेतला तो डॉक्टरांवर!

आईला दाराच्या चौकटीला टेकवून डोक्यापाशी पेन्सिलीची खूण केली. महिन्याने पुन्हा उभं केलं, तर खूण डोक्याच्या वर! पट्टी लावली, चक्क दीड सेंटिमीटर!

"आई, गोळी बंद!"

"आरं, तुझ्या बापाला हार्टनंच न्हेलं. डाक्टर म्हनलं, रोज घ्यायची."

"डॉक्टरला मोजमापातलं काय कळतंय?"

लेक कंपनीत मोजमापं करतो म्हटल्यावर आईने मान डोलावली. गोळी सोडली ती सोडलीच, वर हाडं मोडतील म्हणून चालणंही सोडलं! मारुतीचं देऊळ बंद, शेजारीपाजारी जाणं बंद. दिवसभर खाटेवर बसून विचारायची, "आता किती उरले रं मी?" खरं सांगतो, मला रडू यायचं.

पंधरा दिवसांनी तिला रिक्षात घालून, बायकोला सोबत घेऊन मी डॉक्टरांपुढे आईच्या उंचीचा आलेखच टाकला. "बोला आता!"

डॉक्टर भडकलेच. "हार्टची गोळी मनानं बंद केलीत? अहो, त्या गोळीनं हाडं विरघळत नाहीत. मोजलंत कसं?"

"चौकटीला टेकवून. दोन्ही वेळा सेम!"

"सेम कुठलं?" बायको म्हणाली. "पहिल्यांदा आई काथ्याच्या पायपुसण्यावर उभ्या होत्या. दुसऱ्यांदा ते मी धुऊन वाळत टाकलं होतं."

मी आलेखाची घडी घालून खिशात टाकली.

"गोळी आजपासून सुरू," डॉक्टर म्हणाले. "आणि आजी, हाडांसाठी रोज चालायचं."

बाहेर मी रिक्षा थांबवली. आईने रिक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो कंपनीत काय तपासतोय गं?"

"गाड्यांचे ब्रेक," बायको म्हणाली.

"आगं बया! मग मी न्हाई बसायची!" म्हणत आई कुरुळीतल्या आमच्या घरापर्यंत ताडताड चालत गेली. मीही मागून चालतच गेलो. कारण ते सगळं ऐकून रिक्षावालाही पळून गेला होता!