डॉक्टरच्या फेऱ्या आणि मेलेली मेंढरं

जंताच्या औषधाचा वास आला की मला सांगलीतली पशुसंवर्धन खात्याची ती बैठक आठवते. आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी रिग्रेशन करून, म्हणजे आकड्यांना आकडे जोडून, मांडलं होतं, जिथं जनावरांच्या डॉक्टरच्या फेऱ्या जास्त, तिथं मेंढरं जास्त मरतात. म्हणून कवठे महांकाळकडची दवाखान्याची फिरती गाडी बंद करा. मी वर्गात चूक दाखवली तेव्हा म्हणाले होते, "मेंढरं राखणाऱ्यांनी आम्हाला गणित शिकवू नये." म्हणून बैठकीला मी मुद्दाम माझ्या मेंढपाळ वडिलांना नेलं. ते उठून म्हणाले, "आवं सायेब, मेंढरू आजारी पडल्याबिगर डाक्टरला कोन बोलावतंय?" सगळे हसले. गाडी वाचली. वडील कुजबुजले, "लय झालं, सोड आता." मी उभी राहिले, "सर, कारण कुठलं आणि परिणाम कुठला, एकदा सांगाच." सर खाली बघत पुटपुटले. "मोठ्यानं, सर," मी म्हणाले. आज मीही शिकवते, पण त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटत नाही.