पहिल्या स्टार्टची फळी

आधीच सांगतो, भूतबित मानणाऱ्यांना गॅरेजवर बसवून, चहा पाजून त्यांची टिंगल करणारा माणूस म्हणजे मी. परभणीत जिंतूर रोडला बावीस वर्षं डिझेल इंजिनं बांधतोय. आवाज आला की त्याला कारण असतंच... बेअरिंग नाहीतर वॉशर. तरीही हे लिहायला बसलोय.

मागच्या मे महिन्यात येलदरीच्या एका शेतकऱ्याने लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक आणला. आधी बर्फाच्या मुलखात चाललेला, एवढंच त्याला माहीत होतं. इंजिन पुरतं खोलून आम्ही नव्याने बांधलं, वर ताकदीसाठी जास्त हवा आत खेचणारा टर्बो चढवला. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या स्टार्टला एकाने हवा ओढायच्या तोंडापाशी लाकडी फळी घेऊन उभं राहायचं. कारण डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन पिसाळतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, फुटेपर्यंत पळतं. हवा कोंडली तरच मरतं.

नारळ फोडला. दत्ता म्हणाला, "दादा, फळी घिऊ का?"

"आरं, डिझेल तोडायला नवी स्टॉप केबल हाय की! फळी काय पूजेला मांडायलास?" हा माझा शहाणपणा.

सकाळचे साडेअकरा. मी सेल्फ मारला, इंजिन लागलं, आणि मिनिटभरात आवाज चढतच गेला. केबल ओढली — थांबेना. शेडभर पांढरा धूर. इंजिन ठेवलेला लोखंडी स्टँड थरथरत सरकला आणि दत्ताचा पाय भिंतीशी अडकला. "दादा, हवा बंद कर!" तो ओरडत होता. आणि मी... लिहायला लाज वाटते, पण भीतीने जागचा हललो नाही. फळी पार मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. सख्खा भाऊ डोळ्यांदेखत जाणार, एवढंच कळत होतं.

थप्प असा आवाज आला. इंजिन गचके देत बंद पडलं.

धूर निवळला तेव्हा फळी टर्बोखाली पडलेली होती. दत्ता रडतच म्हणाला, "दादा, तू फळी लावलीस म्हून वाचलो. पन इतक्या उन्हात लोकर कामून घातलीस? माझ्या खांद्यावरून हात पुढं घातलास, तवा बाही लय टोचली गालाला."

मी नुसत्या बनियनवर होतो. केबल अजून माझ्या मुठीत होती. शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं.

इंजिन का पिसाळलं ते सापडलं, टर्बोचं ऑइल सील गळत होतं. दुरुस्त करून ते येलदरीला गेलंही. फळी इथेच आहे, तिच्यावर टर्बोच्या तोंडाएवढा काळा गोल उमटलाय.

दत्ता आता पहिल्या स्टार्टला शेडमध्ये थांबत नाही. फळी मीच धरतो. आणि दर वेळी, भर उन्हात, गालाला काहीतरी टोचतं. मी वळून बघत नाही.