पोटातलं ठिबक

मैत्रिणींनो, दुपारी आम्ही जालन्याहून आलो तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, दर पाळीला पोटदुखीनं उभं राहवत नाही. आई म्हणायची, लग्न झालं की थांबतं. आज मी हट्टानं दोघींना डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफीत बीजकोशावर गाठ दिसली. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढतंय.

"ते जगतं कशावर?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "ते रक्तवाहिन्या वाढवणारे घटक सोडतं, मग नव्या वाहिन्या तिकडे फुटतात. तुम्ही कपाशीला ठिबक टाकता ना, तसं ते स्वतःच टाकून घेतं."

आई म्हणाली, "मंग ते पाणी बंद करता येत न्हाई का?"

"त्यावर संशोधन चालू आहे. सध्या या हार्मोनच्या गोळ्या रोज घ्यायच्या. खाडा नको."

घरी आईनं गोळ्या ओळखल्या. महालक्ष्म्यांच्या सणात पाळी येऊ नये म्हणून आपण बायका घेतो, त्याच.

"ह्या रोज खाल्ल्या तर पोरीला लेकरू व्हायचं न्हाई. सोयरीक बघणं चालू हाय."

गोळ्या कपाटात गेल्या, किल्ली आईच्या कमरेला. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, तो तिनं कानाला लावला नाही.

सुमनला म्हटलं, उद्या दुसऱ्या आणते. पोट धरून पडलेली ती भिंतीकडे वळली. "र्‍हाऊ दे ताई. आई म्हणती ते बराबर असंल."

आत ठिबक चालूच आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर सुमनला काय सांगितलं असतं?