जबडा किती उघडतो

नामशेष झालेल्या मगरींच्या भाऊबंदांचे जबडे मोजणं हे माझं काम. दिवसभर संगणकावर हाडं फिरवत बसायचं. दिवाळीला गावी, करडीला गेले की धाकटा भाऊ हमखास चिडवतो, "तुह्या मगरीनं आता काय खाल्लं व ताई?"

यंदा भाऊबीजेला तो पाटावर बसल्यावर मी त्याला ऐकवलंच. आजची मगर जबडा नुसता उघडते नि मिटते. पण तिच्या जुन्या नातलगांपैकी काही पाला खायचे. त्यांना दाढांसारखे दात होते, खालचा जबडा मागेपुढे सरकवून ते चावायचे. काहींचा जबडा लांब नि चिंचोळा, मासे धरायला बरा.

"म्हंजे जसं खाल्लं तसा जबडा झाला?"

"एका जन्मात नाही रे बाबा. ज्यांचा जबडा त्या खाण्याला जमला, त्यांची पिल्लं जास्त जगली. असं लाखो वर्षं."

तो हसला. ओठ जेमतेम विलग झाले.

ओवाळून मी लाडू त्याच्या तोंडाशी नेला, तर तो दातांनाच अडला.

"अर्धा दे न."

अर्धाही चेपून आत सारावा लागला. त्याच्या खिशातून खर्र्याची प्लास्टिकची पन्नी डोकावत होती. सुपारी-तंबाखूचा हा खर्रा आमच्याकडे चहासारखा एकमेकांना देतात.

"तीन बोटं एकावर एक धर नि तोंडात घाल."

"कायले?"

"घाल म्हणते ना!" मी ओरडलेच.

एक गेलं. दुसरं अडलं. एरवी माणसाच्या तोंडात तिन्ही सहज जातात.

खर्र्यानं गाल आतून आवळत जातात, हे मला माहीत होतं. पुढे काय होऊ शकतं तेही माहीत होतं, पण तो शब्द मनातसुद्धा आणवेना. मी ताट खाली ठेवलं.

"उद्या नागपूरला दाखवायला जायचं."

"धान कापनं झालं का जाऊ. दाढ असन एखादी."

आई आतून आली. "कायले वरडून राहिली सनाच्या दिवशी? दाढच हाय ते. कवापासून त्याचा भात मी मऊ गिल्ला करून राहिली. तिखटानं तोंड जळते म्हने, तं तिखट बी..."

माझ्याकडे पाहून ती थांबली. पदर तोंडाशी गेला.

भावानं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"सकाळीच निघू ताई," तो म्हणाला. "धान राहू दे उभं."