बाबांच्या चपला आणि मालवणची भरती

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि नोकरी लागली थेट मालवणात. काम काय, तर मच्छीमारांशी बोलून समुद्र राखायच्या नियमांचे मसुदे करायचे. नागपुरात हे कुणाच्या पचनी पडेना. "वाघ घरापाशी असून मासोयाच्या मागं काहून जातं वं?" शेजारच्या काकांनी विचारलंच. बाबांनी उमेदवारीची वर्षं हातमागावर कापड विणण्यात काढली, आता कापडाचं दुकान आहे. ते एवढंच म्हणाले, "मी आधी पाहून येतो, मंग सांगतो."

मग मी आणि बाबा मडगावच्या गाडीने कुडाळला उतरलो. ही गाडी रोज नसते, तिकीट आधीच काढून ठेवा. पुढे एसटीने मालवण. खानावळीत सुरमईची थाळी फर्मास होती, पण बाबांनी खिशातून झणझणीत सावजी मसाल्याची पुडी काढून रश्श्यात रिकामी केली. वाढणाऱ्या काकूंनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. नागपुरात अंबाझरी तलावावर काढतो तशा बाबांनी पाण्याजवळच चपला काढल्या. फिरून येतो तर भरती आलेली, चपला गायब. "तलाव तर जागेवर राहते!" बाबा कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिले. मला हसू आवरेना.

सकाळी मच्छीमारांची बैठक होती, रुजू होण्याआधीच ऑफिसने मला तिथे माहिती द्यायला बोलावलं होतं. बाबा अनवाणीच आले. जाळ्याची भोकं मोठी ठेवली तर पिल्लं सुटतात, हे मी लॅपटॉपवर दाखवत होते. एक आजोबा उठले. "नियम तुमी करतास, आमका कोण इचारता?"

मी घाईघाईने पुढची स्लाइड शोधू लागले. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "खरं हाय. मागवाल्यायले बी कोणी नाई विचारलं."

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "मग तुम्हीच सांगा, काय करायला हवं?" जेवणाची वेळ टळली तरी कुणी उठेना. भांडणंही झाली. इतकं बरं मला परीक्षेच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं. हेच काम करायचं, माझं पक्कं झालं. बाबांचं काय, ते कळेना. परतीच्या गाडीत ते बाजारात घेतलेल्या नव्या चपलाच न्याहाळत बसले होते.

घरी सामान ठेवतोय तोच काका हजर. "काय गा, पाठवतं का पोरीले?"

"समुद्र जागेवर नाई राहत गा," बाबा म्हणाले. "त्याच्याकडं ध्यान द्याले माणूस पाहिजे. पोरगी जाते."

माझे डोळे भरून आले. बाबा माझ्याकडे वळले.

"चपला तेवढ्या दूर काढजो वं."