लॅमिनेट केलेला निकाल

बापूंनी निकालावर पिंक टाकली. ओट्यावर बसल्या बसल्या. लाल पाणी प्लास्टिकवरून सरकत न्यायाधीशांच्या सहीपर्यंत आलं.

"बरं झालं लॅमिनेशन केलंस बे. धुऊन निघंल."

ओट्यावरची माणसं खिदळली. मी बाहीनं पुसलं आणि म्हणालो, "बरं बापू. येतो."

पिंकेपेक्षा त्या 'बरं'ची किळस मला अजून येते.

आमची मेंढरं बापूंच्या बांधावरून माळावर जातात. ती वाट आमच्या वहिवाटीची, असं कोर्टानं जाहीर केलं. आबांनी, माझ्या वडलांनी, पेढे वाटले. निकालाची नक्कल प्लास्टिकमध्ये घालून देवाशेजारी टांगली. रोज हळदकुंकू. कागद आला म्हणजे झालं, असंच वाटलं आम्हाला. मग बापूंनी जेसीबी लावून वाटेत चर खोदला. त्यात पडून दोन मेंढ्यांचे पाय मोडले. म्हणून मी निकाल काढून बापूंना दाखवायला ओट्यावर गेलतो.

मी सातवीतून शाळा सोडलेली. सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलतो, कामावरून काढतील ही धाकधूक घेऊन.

बापूंच्या ओट्यावरून तसाच आष्टीला वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी नक्कल उलटसुलट पाहिली. "ही चालणार नाही. सहीशिक्क्याची नवी काढा. आणि नीट ऐका. निकालानं वाट तुमची ठरवली. चर बुजवा, असा हुकूम त्यात नाही. तेव्हा चर नव्हताच. म्हणून अंमलबजावणीची दरखास्त करून भागणार नाही. चर हे नवं कारण. नवा दावा लावू. चर बुजवायचा हुकूम मागू, पुन्हा अडवू नये म्हणून कायमची मनाई मागू. तोवर तात्पुरती मनाई. जुना निकाल पुरावा म्हणून जोडू."

कुणी एवढं समजावून सांगितलंच नव्हतं. मी पाया पडायला वाकलो.

"वाकू नका. सही करा."

"घरी विचारून येतो," म्हणालो. तेवढीही छाती नव्हती.

घरी आबा बापूंचा निरोप घेऊन बसलेले. "चरावर फळी टाकू देतो म्हणले. रोज सकाळी जाऊन विचारायचं, बांधावरून चपला हातात घेऊन जायचं. लई मोठं मन हाय."

'उपकार झाले' हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. ते गिळले.

"विचारायचं कावून, आबा? वाट आपली हाय."

"तू जाशील सुरतंला. हितं मी ऱ्हातो."

खरं होतं.

"नवा दावा लावतो. तारखेला येईन. काम गेलं तरी येईन."

आबा नाराजच.

दुसऱ्या दिवशी नव्या दाव्यावर सही केली. आता कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन ओट्यावर जाईल. मी जाणार नाही.