गाडीत बोरिंगचं पाणी

गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तेव्हा मानकोली नाका अजून लांब होता आणि बाबांच्या डायलिसिसला पाऊण तास उरला होता. मे महिना, भर दुपार, पुढे-मागे कंटेनर. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि मी म्हटलं, "झालं! आजच मरायचं होतं हिला!"

आठवड्यातून तीनदा मी बाबांना ठाण्याला नेते. मी माहेरीच राहते. का, ते विचारू नका. घरात गाडी चालवणारी मी एकटी. बाबांचा नंबर दुपारी एक वाजताचा. उशीर झाला की वेळ कापतात, फारच झाला तर मशीन दुसऱ्याला लावतात, आणि ते तरी काय करणार, बाहेर माणसं बसलेलीच असतात. त्यातून मागच्या खेपेला थंडी-ताप भरला म्हणून डायलिसिस अर्ध्यावर सोडावं लागलं होतं. बाबांचे पाय टम्म सुजले होते. एक वाक्य बोलायला दोनदा दम घ्यावा लागत होता. ही खेप चुकली तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गाडी कडेला घेतली. रिक्षांना हात करून थकले. ठाणं म्हटलं की मान हलवायची आणि पुढे जायचं. ॲपवर गाडी दाखवायची, मिनिटभराने रद्द. रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हीचा काडीचा उपयोग नव्हता.

शेवटी समोरच्या ट्रकच्या गॅरेजमधून एक फिटर आला. त्याने आधी अर्धा तास इंजिन थंड होऊ दिलं. "अभी खोलेगा तो मुंह जल जायेगा, दीदी," म्हणाला. तो अर्धा तास मी कसा काढला, माझं मला माहीत. मग ओलं फडकं धरून त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बोटाला लागलेला पांढरा, खरखरीत थर मला दाखवला.

"कूलंट तो है ही नहीं. बोरिंग का पानी किसने डाला? पूरा जाम है."

बाबा उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"मैंने," मी म्हणाले.

"पढ़ी-लिखी होके?" तो म्हणाला.

खरं म्हणजे पाणी बाबाच टाकायचे. आमच्या दापोड्याच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत. त्याआधी बाबांचा टेम्पो होता, आणि सकाळी पाणी पाजल्याशिवाय ते त्याला चावी लावत नसत. टेम्पो गेला, शेती गेली, मग किडन्या गेल्या, पण सवय राहिली. रोज सकाळी तांब्याभर बोरिंगचं पाणी घेऊन ते माझ्या गाडीपाशी जायचे. आमचं बोरिंग खाडीकडचं, मचूळ. डाळसुद्धा धड शिजत नाही त्यात. सर्व्हिसिंगवाल्याने मला बजावलं होतं, कूलंटशिवाय काही घालू नका. मी मान डोलावून आले आणि घरी एक शब्द बोलले नाही.

फिटरने बाटलीबंद पाणी भरलं आणि सांगितलं, हळू चालवा, काचा खाली करा आणि हीटर फुल ठेवा, म्हणजे इंजिनची गरमी आत ओढली जाईल. मे महिन्यात हीटर! डॉक्टरांनी बाबांना दिवसाला मोजूनच पाणी प्यायला सांगितलेलं. घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला, ओठ सुकले. माजिवड्याजवळ म्हणाले, "बाय, एक घोट दे."

"नाही बाबा. सकाळपासून जास्त झालंय."

"एकच."

मी दिलं नाही. काट्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. सिस्टरने घड्याळ पाहिलं, बाबांचे पाय पाहिले आणि म्हणाली, "चार तास नाही जमणार. दोन तास देते. उद्या सकाळी परत आणा." उद्या कशातून आणणार होते, देव जाणे. मी "हो" म्हणाले.

सुया लागल्या, मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले.

"तुला म्हाईत होता ना? मी पानी टाकतो ता."

"हो."

"टाकाचा नसतो, ता पन म्हाईत होता?"

"हो, बाबा."

"मंग बोलली का नाय?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "तुम्हाला तेवढं एकच काम उरलंय म्हणून," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.



"ता पन काम नव्हताच मंग," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. अजून दीड तास बाकी होता, आणि मला तिथेच बसायचं होतं.